सिंहासन वितळले, सरदार मात्र उरले

‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका १९ मे २०१९ रोजी संपली. १७ एप्रिल २०११ पासून आठ पर्वे आणि ७३ भाग चाललेल्या या अद्भुतकथेचा अखेरचा भाग त्या एका रात्रीत एकट्या अमेरिकेत सुमारे १ कोटी ९३ लाख लोकांनी पाहिला. भारतातही तो त्याच वेळी उपलब्ध झाला आणि मुंबई-पुण्याच्या कितीतरी तरुणांनी सोमवारी सकाळी, कामावर जाण्यापूर्वी, तो पाहून घेतला. मालिका संपली, वाद मात्र संपला नाही. गुलामांची मुक्तिदात्री म्हणून जिचा जयजयकार झाला ती राणी डेनेरिस अखेरीस शरण आलेले शहर जाळते, हे तिच्या स्वभावाला धरून झाले काय? प्रायश्चित्ताच्या वाटेवर इतका पुढे गेलेला जेमी लॅनिस्टर मरावयास पुन्हा त्या क्रूर बहिणीकडेच का परततो? फारसा कशातच नसलेला ब्रॅन राजा कसा होतो? इतकी वर्षे लोटल्यावरही हे प्रश्न त्याच हिरिरीने लढविले जातात.

या वादाकडे पाहण्याची एक ठरावीक तऱ्हा पुरोगामी वर्तुळांत रूढ आहे. महागाई आणि बेकारी यांनी जनता गांजलेली असताना काल्पनिक राजवाड्यांतील भानगडींवर घसा कोरडा करणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे म्हणावयाचे आणि नाक मुरडावयाचे. ही तऱ्हा सोयीची आहे, शहाणपणाची नाही. सामान्य लोक कोणत्या कादंबऱ्या आवडीने वाचतात आणि का वाचतात, हा प्रश्न मुसोलिनीच्या तुरुंगात बसलेल्या ग्रामशीला वेळ दवडण्याचा वाटला नव्हता. ही मालिका तर उघडउघड सत्तेविषयीची आहे. एप्रिल २०१५ मध्ये स्पेनचे राजे सहावे फेलिपे ब्रुसेल्सला युरोपीय संसदेत आले असता ‘पोदेमोस’ या डाव्या पक्षाचे नेते पाब्लो इग्लेसियास यांनी त्यांना याच मालिकेच्या डीव्हीडींचा संच भेट दिला; स्पेनमधील राजकीय पेच समजून घेण्यास तो उपयोगी पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. राज्यशास्त्राचे अध्यापक असलेल्या इग्लेसियास यांनी आदल्याच वर्षी मालिकेतील राजकीय धड्यांवर एक लेखसंग्रहही संपादित केला होता. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उमेदवारी मागणाऱ्या एलिझाबेथ वॉरन यांनी लेख लिहून डेनेरिसचा पुरस्कार केला, आणि तिची प्रतिस्पर्धी सर्सी एका बड्या बँकेच्या पाठबळावर उभी आहे, याकडे लक्ष वेधले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १२ मे रोजी, पडद्यावर डेनेरिसने शहर जाळले.

तेव्हा वाद क्षुल्लक नाही. तो चुकीच्या ठिकाणी अडकून पडला आहे, हे खरे दुखणे आहे.

वाद अडला कोठे?

मूळ कथा जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकाची. तिचा पहिला खंड १९९६ मध्ये आणि पाचवा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढचा खंड हाती नसताना मालिका कादंबरीच्या पुढे निघून गेली. शेवटाची मुख्य रूपरेषा मार्टिन यांनी निर्माते डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांना सांगितली होती; तिथवर पोहोचण्याची वाट मात्र या दोघांनी आखली. पहिल्या सहा पर्वांत प्रत्येकी दहा भाग होते; सातव्यात सात आणि आठव्यात सहाच उरले.

यावरून चाहत्यांचे दोन तट पडले. एक तट म्हणतो की निर्मात्यांनी घाई केली आणि राणीचे परिवर्तन पटेल असे दाखविले नाही. दुसरा तट म्हणतो की खुणा पहिल्यापासूनच होत्या : तिने पहिल्या पर्वात एका स्त्रीला चितेवर जाळले, मीरीन नगरात १६३ गुलाममालकांना खांबांवर ठोकले, सातव्या पर्वात शरण न येणाऱ्या सरदाराला मुलासह भस्म केले, मग अखेरीस निराळे काय व्हावयाचे होते? एका तटाची तक्रार कारागिरीची आहे, दुसऱ्याचा बचावही कारागिरीचाच आहे. शेवट जे सांगतो ते खरे आहे काय, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत.

समाजशास्त्रज्ञ झेनेप तुफेक्ची यांनी मे २०१९ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिताना वादाला निराळी दिशा दिली. प्रारंभीच्या पर्वांत माणसे संस्थांच्या आणि परिस्थितीच्या दाबाखाली वागत होती. अखेरच्या पर्वांत कथा व्यक्तींच्या मनोव्यापारात शिरली आणि म्हणून प्रेक्षक दुरावले, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते बरोबर आहे. परंतु त्यापुढे एक पाऊल टाकले पाहिजे. राणीच्या कृत्याचे अंतिम कारण मनातही शोधलेले नाही. ते रक्तात शोधलेले आहे. टारगेरियन घराण्यात मूल जन्मले की वेडाचे की थोरवीचे, याचा जणू देवाने नाणे उडवून कौल घ्यावा, अशी त्या जगातील समजूत आहे. आणि कथा ती समजूत खोडून काढण्याऐवजी तिच्यावरच शिक्कामोर्तब करते. माणूस जन्माने ठरतो, हे तत्त्वज्ञान भारतीय वाचकाला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या समाजाने शतकानुशतके गुण-दोष कुळात शोधले, त्या समाजातील सुशिक्षित तरुणांनी ‘तिच्या रक्तातच होते’ हे उत्तर सहज मान्य करावे, ही चिंतेची बाब आहे.

मीरीनचा खरा धडा

वास्तविक याच कथेत राणीच्या अपयशाचे फार सखोल कारण दडलेले होते. मालिकेने ते दाखविले आणि मग सोडून दिले.

अ‍ॅस्टापोर, युंकाई आणि मीरीन ही तीन नगरे गुलामांच्या व्यापारावर जगणारी. डेनेरिस ती जिंकते आणि गुलामांच्या बेड्या तोडते. पुढे काय होते? अ‍ॅस्टापोरमध्ये एक खाटीक स्वतःला सम्राट म्हणवितो. युंकाईचे मालक परत येऊन गुलामगिरी पुन्हा चालू करतात. मीरीनमध्ये एक वृद्ध शिक्षक राणीपुढे येऊन विनविता होतो की पुन्हा जुन्या मालकाकडे विकून घेण्याची परवानगी मिळावी. कारण मुक्तांसाठी उघडलेल्या अन्नछत्रांत आणि निवाऱ्यांत तरुण दांडगाई करतात आणि वृद्धांना कोणी वाली नाही. राणी त्याला वर्षभराच्या करारावर मालकाकडे राहू देते. तिचा सल्लागार लगेच सांगतो की मालक या संधीचा लाभ उठवतील.

मालिकेच्या ७३ भागांतील हा कदाचित सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग आहे. बेड्या तुटल्या, पण जमीन कोणाची राहिली? औजारे, गोदामे, गलबते कोणाच्या हाती राहिली? ज्या नगराची संपत्ती माणसांच्या खरेदी-विक्रीतून येत होती, त्या नगरात उद्यापासून कोणते उत्पादन होणार आणि ते कोण चालविणार? राणीपाशी या प्रश्नांचे उत्तर नाही. तिच्यापाशी तीन ड्रॅगन आहेत.

हा कल्पनेचा खेळ नाही, हा लिहिलेला इतिहास आहे. ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला तेव्हा २ कोटी पौंडांची नुकसानभरपाई मालकांना देण्यात आली. गुलामांना एक पैही मिळाली नाही. उलट ‘उमेदवारी’च्या गोंडस नावाखाली त्यांना काही वर्षे त्याच मालकाकडे राबविण्याची तरतूद झाली आणि ती १८३८ पर्यंत टिकली. मालकांची भर करण्यासाठी काढलेल्या कर्जाची अखेरची परतफेड २०१५ मध्ये झाली. म्हणजे मुक्त झालेल्यांच्या वंशजांनीही कर भरून ती फेडली. अमेरिकेत जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनच्या आदेशाने किनारपट्टीवरील मुक्तांसाठी जमीन राखून ठेवण्यात आली. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने ती बहुतांशी जुन्या मळेवाल्यांना परत केली. हैतीच्या गुलामांनी कोणा राणीची वाट न पाहता स्वतः लढून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळविले, तर फ्रान्सने १८२५ मध्ये आरमाराचा धाक दाखवून त्यांच्यावर १५ कोटी फ्रँकचा दंड लादला. भारतात १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. परंतु जमीन किंवा पर्यायी काम न मिळालेला मुक्त वेठबिगार पुन्हा उचल घेऊन त्याच सावकाराच्या दारात उभा राहतो, हे खेड्यांत काम करणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला ठाऊक आहे.

या सर्वांतून निष्पन्न होणारा निष्कर्ष एकच. मुक्ती वरून बहाल करता येत नाही, आणि मालमत्तेच्या संबंधांना हात न लावता ती टिकत नाही. डेनेरिसला युंकाईच्या मुक्तांनी ‘आई’ म्हणून खांद्यावर घेतले, त्या प्रसंगातच तिच्या पराभवाचे बीज होते. ज्यांची मुक्ती व्हावयाची ते लेकरे झाले आणि मुक्तिदाती माता झाली. मुक्तांची सभा नाही, त्यांचा प्रतिनिधी नाही, त्यांच्या हाती कारभार नाही. समाजवाद्यांनी या राणीचे वकीलपत्र घेण्याचे काहीच कारण नाही. तिच्यात क्रांती पाहणारे डावे बुद्धिवंत चुकले. ती राज्याची वारसदार होती. सिंहासन ‘आपले’ आहे ही तिची धारणा कधीच सुटली नाही. सरदार घराण्यांच्या आऱ्या असलेले चाक मोडून टाकण्याची प्रतिज्ञा तिने पाचव्या पर्वात केली. पण चाक मोडल्यावर गाडी कशी चालणार, हे तिने कोणालाही विचारले नाही.

आगीचा जमाखर्च

परंतु राणीचे वकीलपत्र न घेणे निराळे आणि मालिकेने तिच्यावर ठेवलेला आरोप मान्य करणे निराळे. अखेरच्या भागात तिचा सल्लागार टिरियन तुरुंगातून जॉन स्नोला जे समजावतो ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. तिने प्रथम गुलामांच्या व्यापाऱ्यांना मारले तेव्हा कोणी तक्रार केली नाही. मग मीरीनच्या उमरावांना मारले तेव्हाही कोणी हरकत घेतली नाही. आणि असे करता करता ती निरपराध शहरापर्यंत पोहोचली, असा त्याचा युक्तिवाद आहे. म्हणजे उतरणीची पहिली पायरी कोणती? गुलाममालकांचा प्रतिकार! जो अन्यायाविरुद्ध शस्त्र उचलतो तो एक दिवस मुलाबाळांना जाळणारच, हे या युक्तिवादाचे सार आहे.

आणि हे सांगतो कोण? सहाव्या पर्वात मीरीनचा कारभार ज्याच्या हाती होता, ज्याने गुलाममालकांशी तह करून गुलामगिरी आवरण्यास त्यांना सात वर्षांची मुदत दिली, तोच टिरियन. स्वतः गुलाम राहिलेले ग्रे वर्म आणि मिसांडेई तेव्हा त्याला परोपरीने सांगत होते की हे मालक शब्द पाळणारे नाहीत. मालकांनी मुदतीचा उपयोग आरमार जमविण्यासाठी केला आणि मीरीनवर तोफगोळ्यांसारखी आग ओतली. त्या ‘समंजस’ तडजोडीचा हिशोब मालिका पुढे कधीच मागत नाही. हिशोब मागितला जातो तो फक्त राणीकडे.

आकाशातून आग ओतून वस्तीच्या वस्ती भस्म करण्याचा खरा इतिहास कोणाच्या नावावर आहे, हे विचारले पाहिजे. मार्टिन यांनीच ड्रॅगनांची तुलना अण्वस्त्रांशी केलेली आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात त्यांनी सदसद्विवेकाच्या आधारावर लष्करी सेवा नाकारली होती. त्यामुळे ही तुलना त्यांनी सहज केली असेल असे मानता येत नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन, मार्चमध्ये टोकियो, ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी, पुढे व्हिएतनामच्या खेड्यांवर नापाम : ही शहरे आणि खेडी बंड करून उठलेल्या गुलामांनी जाळलेली नाहीत. ती सुव्यवस्थित, सुसंस्कृत, निवडून आलेल्या सरकारांच्या वायुदलांनी जाळली. साम्राज्यशाहीच्या खात्यावरील ही आग मालिकेने अलगद उचलली आणि मुक्तिलढ्याच्या खात्यावर नोंदविली. जमाखर्चातील एवढी मोठी अफरातफर चाहत्यांच्या नजरेतून निसटली आणि ते ‘घाई झाली’ म्हणून हळहळत बसले.

येथे कोणी म्हणेल की क्रांत्यांनी आपलीच माणसे गिळली, हेही इतिहासातच आहे. निःसंशय आहे. १९३६ ते १९३८ चे मॉस्को खटले समाजवाद्यांनी विसरता कामा नयेत, आणि लोकशाही समाजवाद्यांनी ते कधी लपविलेही नाहीत. पण त्या अधःपाताची कारणे राज्ययंत्र, पक्षयंत्र, नोकरशाही आणि विरोधाचा अभाव यांत शोधावी लागतात. तसे शोधले म्हणजेच त्यांतून शिकता येते. रक्तात वेड होते असे म्हटले की शिकण्यासारखे काही उरत नाही. उरते ते एवढेच, की बदलाच्या भानगडीत कोणी पडू नये.

सरदारांचे हसू

आता शेवटाकडे वळावे. राणीचा वध होतो. तिचा ड्रॅगन लोखंडी सिंहासन वितळवून टाकतो. प्रेक्षकाला वाटते की राजेशाही वितळली. पुढच्याच प्रसंगात उरलेसुरले सरदार एका भग्न आखाड्यात बसून नवा राजा ठरवितात. त्या बैठकीत सॅमवेल टार्ली अडखळत सुचवितो की राजाचा निर्णय सर्वांवर परिणाम करणारा असेल तर तो सर्वांनीच का घेऊ नये? सरदार खदखदून हसतात. मग कुत्र्यांनाही मत द्या, असे एक म्हणतो. दुसरा म्हणतो, घोड्याला विचारून पाहतो. सॅमवेल खाली बसतो आणि विषय संपतो.

गेल्या काही वर्षांत या मालिकेवर जेवढी शाई खर्ची पडली, तिच्यापैकी किती या हसण्यावर पडली? राणीच्या मुद्रेवरील प्रत्येक रेषेची चिकित्सा झाली. चित्रीकरणात चुकून राहिलेल्या कॉफीच्या पेल्याची जगभर बातमी झाली. लोकशाहीची टवाळी मात्र ‘विनोदी प्रसंग’ म्हणून पचून गेली.

‘मध्ययुगीन जगात मतदानाची कल्पनाच कशी असणार?’ हा यावरचा ठरलेला बचाव आहे. तो त्याच कथेच्या पुराव्याने टिकत नाही. त्या जगात उत्तरेच्या भिंतीवर पहारा देणारे ‘नाइट्स वॉच’ नावाचे दल आहे. त्यात चोर आहेत, कुळवाडी आहेत, अनौरस मुले आहेत. आणि ते सर्व जण मतदान करून आपला सेनापती निवडतात. जॉन स्नो पाचव्या पर्वात असाच निवडून येतो, आणि त्याचे नाव पुढे करणारा दुसरा कोणी नसून हाच सॅमवेल असतो. भिंतीपलीकडचे ‘मुक्त लोक’ जन्मावरून कोणाला राजा मानीत नाहीत. म्हणजे सामान्य माणसे निवड करू शकतात, हे सॅमवेलने ऐकलेले नाही, पाहिलेले आहे. मग तो हे सांगत का नाही? कारण त्याला सांगू दिले तर शेवट बदलावा लागला असता. खऱ्या मध्ययुगाची साक्षही तीच आहे : १३७८ मध्ये फ्लॉरेन्सचे लोकर पिंजणारे मजूर सत्तेत वाटा मागत उठले आणि १३८१ मध्ये इंग्लंडचे शेतकरी राजधानीत घुसले. त्यांना हसता आले नाही. त्यांच्यावर घोडदळ घालावे लागले.

त्या बैठकीत कोण नव्हते, हेही पाहावे. जळालेल्या शहराचा एकही रहिवासी नव्हता. मुक्त गुलामांचा सेनानी ग्रे वर्म बंदिवानाला घेऊन उभा होता. राजाच्या निवडीत त्याचे मत कोणी विचारले नाही. हातात बेड्या असलेला टिरियन मात्र राजाचे नाव सुचवितो आणि त्याच दिवशी प्रधान होतो. यापुढे राजा वंशपरंपरेने येणार नाही, सरदार त्याची निवड करतील, हीच काय ती सुधारणा! इतिहासात असे राजे पुष्कळ झाले. पोलंडच्या उमरावांनी दोन शतके आपले राजे निवडले. त्याच काळात तेथील शेतकऱ्याच्या गळ्यातील भूदास्याचा फास अधिक आवळला गेला आणि अखेर शेजाऱ्यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ मध्ये त्या देशाचे लचके तोडून तो नकाशावरून पुसला.

मार्टिन यांनी एकदा टॉल्किनच्या आदर्श राजाविषयी प्रश्न केला होता की त्याचे करविषयक धोरण काय होते? प्रश्न उत्तम आहे. तो या मालिकेच्या नव्या राज्यालाही विचारला पाहिजे. पहिल्या पर्वात सांगितले जाते की राजसत्ता ६० लाख सुवर्णमुद्रांच्या कर्जात आहे आणि त्यांपैकी ३० लाख एकट्या टायविन लॅनिस्टरचे आहेत. चौथ्या पर्वात कळते की त्या टायविनच्याही सोन्याच्या खाणी कधीच आटल्या आहेत. ब्राव्होसची ‘आयर्न बँक’ राजे उभे करते आणि पाडते. इतके सगळे ज्या कथेत आहे तिच्या अखेरीस खजिना कोणाच्या हाती जातो? ब्रॉन नावाच्या भाडोत्री तलवारबाजाच्या. धनुष्याच्या धाकाने राज्यातील सर्वांत सुपीक प्रांत पदरात पाडून घेतलेला हा मनुष्य अर्थमंत्री होतो, आणि जळालेल्या राजधानीतील वेश्यागृहे आधी उभारण्याविषयी त्याच्या तोंडी विनोद घातले जातात. उपाशी नगराला धान्य कोठून येणार आणि कर कोणावर बसणार, हे प्रश्न अनुत्तरित राहतात. कथेने ज्याला विनोद समजले ते इतिहासाचे सर्वांत प्रामाणिक वर्णन आहे : लुटारू सरदार होतो आणि सरदार खजिनदार.

अर्ज कोणापुढे?

संतापलेल्या चाहत्यांनी काय केले? आठवे पर्व अधिक लायक लेखकांकडून पुन्हा तयार करून घ्यावे, अशा मागणीच्या अर्जावर पंधरा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. कंपनीच्या कार्यक्रमप्रमुखांनी जुलै २०१९ मध्ये सांगितले की अशी मागणी म्हणजे लोकांच्या उत्कटतेची खूण आहे, आणि ती गंभीरपणे विचारात घेण्याचा प्रश्नच नव्हता. सप्टेंबरमध्ये त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कारही याच पर्वाला मिळाला. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच घराण्याच्या पूर्वजांची नवी मालिका सुरू झाली आणि सह्या करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण पुन्हा पडद्यापुढे बसले. ग्राहकाच्या रागाची किंमत बाजारात एवढीच असते. तो रागही विकला जातो.

याच उन्हाळ्यात एक दुसरी घटना घडत होती. या मालिकेचे पुष्कळसे अंतर्गत चित्रीकरण बेलफास्टच्या ‘पेंट हॉल’मध्ये झाले. ‘टायटॅनिक’ बांधणाऱ्या हारलँड अँड वुल्फ कंपनीच्या जहाजांचे भाग रंगविण्यासाठी ही अवाढव्य शेड उभी केलेली होती. जहाजबांधणी ओसरली, शेड रिकामी झाली आणि तिथे काल्पनिक राजवाडे उभे राहिले. त्यासाठी उत्तर आयर्लंडचा सार्वजनिक पैसाही साह्याला आला. जुलै २०१९ च्या अखेरीस, म्हणजे मालिका संपल्यानंतर दहाच आठवड्यांनी, हारलँड अँड वुल्फ दिवाळखोरीच्या कड्यावर आली. तेव्हा उरलेल्या सुमारे सव्वाशे कामगारांनी गोदीच्या फाटकाचा ताबा घेतला आणि राष्ट्रीयीकरणाची मागणी केली. आठवड्यांमागून आठवडे ते फाटकावर बसले. सरकारने मागणी मान्य केली नाही. पण ऑक्टोबरमध्ये नवा मालक आला आणि गोदी बंद पडण्यापासून वाचली. ती कंपनी सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा बुडाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिच्या गोद्या नव्हांतिया या कंपनीने घेतल्या. नव्हांतिया ही स्पेन सरकारच्या मालकीची कंपनी आहे! जी सार्वजनिक मालकी ब्रिटिश सरकारने आपल्या कामगारांना नाकारली, ती अखेर परक्या सरकारच्या रूपाने बेलफास्टला पोहोचली.

पंधरा लाख सह्यांनी एका काल्पनिक राणीचे एक वाक्यही बदलले नाही. सव्वाशे कामगारांनी स्वतःच्या गोष्टीचा शेवट निदान लांबणीवर टाकला. दोहोंतील फरक संख्येचा नाही. पहिल्यांनी मालकाकडे दाद मागितली. दुसऱ्यांनी फाटकावर हात ठेवला.

शेवट बदलण्याची परंपरा

याचा अर्थ कथांवर वाद घालू नये असा मुळीच नाही. महाराष्ट्राला तर हे सांगण्याची गरजच नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि निग्रो गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ती अर्पण केली. त्या ग्रंथात त्यांनी काय केले? शतकानुशतके जिचा शेवट देवाचा विजय म्हणून सांगितला जात होता, ती वामन आणि बळीची कथा त्यांनी उलटी वाचली. तीन पावलांत राज्य गिळणारा वामन हा त्या कथेचा नायक नसून पाताळात दडपलेला बळी हा कुणब्यांचा राजा आहे, असे त्यांनी सांगितले. हा ‘पात्राच्या स्वभावाला धरून’ घातलेला वाद नव्हता. कथा कोणाच्या सोयीने सांगितली गेली, हा प्रश्न त्यांनी विचारला. खेड्यापाड्यांतील बाया पिढ्यान्‌पिढ्या दिवाळीत ओवाळताना बळीचेच राज्य मागत आल्या होत्या. म्हणून तो प्रश्न लोकांना परका वाटला नाही.

हीच रीत आजच्या तरुणांसमोर ठेवली पाहिजे. शाखेच्या बैठकीला येणारा एखादा विद्यार्थी त्या राणीवर अन्याय झाला म्हणून तावातावाने बोलू लागला, तर कार्यकर्त्याने त्याला गप्प करू नये आणि त्याच्या सुरात सूरही मिळवू नये. त्याला विचारावे : मीरीनच्या त्या वृद्ध शिक्षकाला जमिनीचा तुकडा का मिळाला नाही? ग्रे वर्मला मत का नव्हते? सॅमवेलच्या बोलण्यावर सरदार हसले, तेव्हा त्यांच्याबरोबर प्रेक्षकही हसले. ते कोणाला हसले? ज्यांना त्या आखाड्यात कुत्र्या-घोड्यांच्या रांगेत बसविले, त्यांत हसणाऱ्या प्रेक्षकाचे आजे-पणजे होते की नव्हते? या प्रश्नांची उत्तरे शोधीत तो विद्यार्थी १८३३ च्या कायद्यापर्यंत, हैतीपर्यंत आणि स्वतःच्या तालुक्यातील वेठबिगारापर्यंत पोहोचला, तर त्या मालिकेचे ७३ भाग वाया गेले असे म्हणता येणार नाही.

सिंहासन वितळविण्यास एक ड्रॅगन पुरतो. सरदारांना उठवून त्या जागी सर्वांची सभा बसविण्यास माणसे लागतात, आणि ती संघटित असावी लागतात. हा शेवट कोणतीही कंपनी लिहून देणार नाही.